मूठभर नागरमोथा

आमच्या दुकानातल्या उटण्याची पहिली तक्रार २०११ च्या दिवाळीत आली. पंचवटीतल्या एक आजी, माझ्या आजोबांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, वसुबारसेला पुडी घेऊन गेल्या आणि धनत्रयोदशीला तीच पुडी घेऊन परत आल्या. काउंटरवर ठेवली नि म्हणाल्या, "अण्णा, यंदा याला नुसता कापूर येतोय हो. अंघोळीला बसायचं की आरतीला उभं राहायचं?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले. चिमटीत उटणं घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "चांगलं तर आहे." तरी पैसे परत दिले. त्या दिवाळीत अशा आणखी चार-पाच पुड्या परत आल्या. घरी आम्ही सगळ्यांनी मिळून कापूर पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. त्या बिचाऱ्याचा काहीही दोष नव्हता, हे कळायला मला सात वर्षं लागली. आणि कापूरच का, दुसरं काही का नाही, हे कळायला त्याहून जास्त.

दुकान रविवार कारंज्यापासून आत, भद्रकालीच्या बाजूला एका बोळात. काष्ठौषधींचं. वेखंड, सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा, गुगुळ, वाळा, जटामांसी, बाळंतिणीचे डिंक, बाळाची गुटी. बोळात शिरलं की दुकान दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. लहानपणी शाळेत माझ्या दप्तरालाही तो असायचा आणि मला त्याची लाज वाटायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "ही आली, काढ्याची बाटली."

अण्णांचं नाक हा आमच्या घराण्याचा मान होता. हिंगाचा खडा मोडून नाकाशी धरला की त्यात मैदा किती नि डिंक किती, हे ते सांगत. अनंतमुळाच्या जुडीत दुसरी कुठली मुळं मिसळलेली असली तर जुडी न सोडता कळायचं त्यांना. मुंबईहून माल घेऊन येणारे दलाल त्यांना वचकून असत. पुराणातल्या शूर्पणखेचं नाक इथं कापलं म्हणून या गावाचं नाव नासिक, अशी आपल्याकडे कथा आहेच. नऊ टेकांवर वसलेलं म्हणून हे नाव, असंही म्हणतात. अण्णांना अर्थात पहिली व्युत्पत्ती पसंत. "नाक कापलेल्या गावात नाकावर पोट भरतोय आपण," हा त्यांचा ठरलेला विनोद, नव्या गिऱ्हाइकाला एकदा तरी ऐकावाच लागे.

उटणं मात्र वेगळ्या प्रतीचं काम होतं. दसरा झाला की एका रात्री वाड्याच्या ओट्यावर मोठी सुती चादर अंथरली जायची. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद, अनंतमूळ, संत्र्याची वाळलेली साल, गुलाबपाकळी, अगदी शेवटी किंचित भीमसेनी कापूर. सगळं दळून, वस्त्रगाळ करून आलेलं. दुकानात तीन तराजू होते, पण या रात्री एकही निघत नसे. अण्णा मांडी घालून बसत, हातानं कालवत, वास घेत आणि मला सांगत, "नागरमोथा, अजून मूठभर." मग परत कालवणं, परत वास. मध्येच उठून बाहेर बोळाच्या तोंडाशी जाऊन मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभे राहत. नाक धुवून येतो, म्हणायचे. प्रमाण कुठंही लिहिलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर हात नाकाकडे जायचा.

२०११ नंतरच्या वर्षांत काय काय झालं, ते आज आठवून ओळीनं मांडता येतं. तेव्हा ते ओळीनं दिसत नव्हतं. आमटीत मीठ कमी आहे म्हणून ते वरून घ्यायला लागले. आंब्याच्या पेटीवर वाकून 'तयार झालाय' सांगणारा माणूस आंबा दाबून बघायला लागला. रोज रात्री इसबगोल आणि हिरड्याचं चूर्ण. पोट साफ होत नाही, ही तक्रार कायमची झाली. झोपेत ते ओरडू लागले, एकदा तर आईच्या खांद्यावर चांगला गुद्दा बसला. सकाळी विचारलं तर म्हणाले, स्वप्नात कुत्रं मागं लागलं होतं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "कुत्र्याला मारा हो, मला का?" आम्ही हसलो. वय झालं, एवढंच त्या सगळ्याचं स्पष्टीकरण.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात दुपारी ते घरी एकटे होते. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालूच राहिला. अण्णा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मिसळतात, आणि त्याचा अगदी लेश हवेत असला तरी माणसाला कळतो. अण्णांना पाच फुटांवरून कळला नाही. विचारल्यावर म्हणाले, "पेपरात लक्ष होतं." आम्ही ते मान्य केलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे इथं नमूद केलेलं बरं; वर्गात मरकॅप्टनबद्दल मीच सांगत असे.

हात थरथरायला लागला २०१७ मध्ये. उजवा. गंमत अशी की काम करताना थरथरत नसे. पुडी बांधताना, वरून लोंबणारा दोरा ओढून गाठ मारताना हात स्थिर, फक्त सावकाश. गिऱ्हाईक नसलं की तोच हात मांडीवर पडल्यापडल्या अंगठा नि तर्जनी एकमेकांवर चोळत राहायचा, जणू न दिसणारी चिमूट पारखतोय. मग वहीतलं अक्षर बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला मुगाएवढं, शेवटाला मोहरीएवढं.

२०१८ मध्ये गंगापूर रोडला एका मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर गोगलगायीसारखं चक्र काढायला लावलं. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान त्यांना बहुधा दारातून आत येतानाच झालं असावं. सगळं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "वास येतो का नीट?"

"येतो की," अण्णा म्हणाले. आई खाली पाहत होती. आणि मला एकदम त्या पंचवटीच्या आजी दिसल्या, हातात पुडी धरलेल्या.

नंतर रात्र रात्र बसून मी जे वाचलं, त्यातलं काही इथं सांगते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ साली कंपवातावरचा आपला निबंध छापला, तेव्हा व्याख्येतच लिहून टाकलं की यात इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात. हाताकडे, चालण्याकडे, पुढे वाकलेल्या खांद्यांकडे त्याची नजर किती बारीक होती ते वाचताना थक्क व्हायला होतं. पण नाकाबद्दल त्यानं विचारलं नसावं, आणि पुढं कितीतरी काळ कोणी विचारलं नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांची वास घेण्याची शक्ती कमी झालेली असते, हे १९७५ मध्ये प्रथम नोंदलं गेलं. दीडशेहून जास्त वर्षांनी! आज आपल्याला माहीत आहे की हे दहापैकी नऊ जणांपर्यंत आढळतं, बहुतेकदा थरथर सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी, आणि बऱ्याच जणांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. दृष्टी गेली तर माणूस भिंतीवर आपटतो. वास गेला तर कशावर आपटणार?

इथं घाईनं एक सांगून टाकते, नाहीतर वाचणारं कोणीतरी आज रात्री घरातल्या म्हाताऱ्यांना हिंग हुंगायला लावेल. वास कमी होण्याची कारणं ढीगभर आहेत: वय, जुनी सर्दी, नाकातले मांसल कोंब, डोक्याला लागलेला मार, विषाणू. ज्यांचा वास गेलाय अशा बहुतेकांना पार्किन्सन्स नसतो आणि होतही नाही. अण्णांच्या बाबतीत बाकीच्या खुणा शेजारी येऊन बसल्या, म्हणून वासाला अर्थ आला.

नाकाच्या छपराशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत गंध टिपणाऱ्या पेशी असतात. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत. त्यांच्या जनुकांचं हे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं आणि २००४ चं नोबेल मिळवलं. या पेशींचे तंतू चाळणीसारख्या एका पातळ हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी गंधकंदात पोचतात. तिथून पुढचा रस्ता विलक्षण आहे. डोळे, कान, त्वचा यांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात आणि मग पुढे वाटले जातात. वासाचा निरोप त्या ठाण्यावर हजेरी न लावता थेट गंधाच्या कॉर्टेक्समध्ये आणि अमिग्डालामध्ये उतरतो, म्हणजे भावना जिथं उमटतात तिथं. स्मृतीचं घर, हिप्पोकॅम्पस, तिथून हाकेच्या अंतरावर. उटणं म्हटल्यावर आपल्याला पहाटेचा काळोख, पाटाभोवतीची रांगोळी आणि आईचे गार हात एकदम आठवतात, ते या जवळच्या वाटेमुळे.

आणि पार्किन्सन्स याच वाटेवर लवकर येऊन बसतो. अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं एक प्रथिन चुकीची घडी पडून पेशींत गोळा होतं; त्या गोळ्यांना लेवी बॉडी म्हणतात. हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून २००३ मध्ये मांडलं की ही गाठोडी सुरुवातीला दोन ठिकाणी दिसतात: गंधकंदाच्या परिसरात आणि आतड्यांपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या मुळाशी. हालचाल सांभाळणारा मेंदूतला काळा भाग, सब्स्टॅन्शिया नायग्रा, याची पाळी नंतर येते. प्रत्येक रुग्ण या क्रमात बसत नाही आणि वादही पुष्कळ आहेत. पण ते वाचताना मला आधी हिरड्याचं चूर्ण आठवलं, मग उटणं. मांडीवरचा हात तिसरा.

गोळ्या सुरू झाल्या. लेव्होडोपा. काही आठवड्यांत अण्णांचा हात मोकळा झाला, ते पुन्हा पुड्या बांधू लागले. आईनं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं, "हात सुधारला, आता वासही येईल ना?" नाही, म्हणाले ते. काळ्या भागात डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, त्याची भरपाई गोळी करते. गंधकंदातला हिशेब निराळा आहे. काही अभ्यासांत तर पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या गंधकंदात डोपामिनच्या पेशी उलट जास्तच सापडल्या. शिवाय वास जाण्याचा संबंध ॲसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनाच्या तुटवड्याशी असल्याचं दिसतं.

गोळीवरून आठवलं. आमच्या दुकानात वरच्या फळीवर कवचबीजाची बरणी आहे, खाजकुइलीच्या बिया. आयुर्वेदात कंपवातासाठी सांगितलेल्या. याच बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये लेव्होडोपा वेगळा काढला होता. औषध म्हणून त्याचे मोठे डोस यशस्वी झाले ते थेट १९६७ मध्ये, अमेरिकेत. निदानाची बातमी बाजारात पसरल्यावर येणारा प्रत्येक जण वर बोट दाखवून म्हणायचा, "अण्णा, तुमचं औषध तुमच्याच बरणीत!" अण्णांनी आयुष्यभर ती बरणी विकली, पण स्वतः उघडली नाही. म्हणाले, "या बियांत किती मिलिग्रॅम आहे ते कोणी लिहून ठेवलंय? ह्या बीत एक, त्या बीत दुसरं." उटण्याला तराजू न लावणारा माणूस हे म्हणाला. मला फार बरं वाटलं.

मेंदूतल्या 'जोडण्या' हा शब्द हल्ली सगळीकडे दिसतो, आणि तो वाचून लोकांच्या डोळ्यांसमोर विजेच्या तारा येतात. माझ्याही आल्या होत्या. प्रत्यक्षात एमआरआयमध्ये शास्त्रज्ञ बघतात ते वेगळं. माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असतो आणि यंत्र मेंदूच्या प्रत्येक भागातल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार मोजत राहतं. रविवार कारंज्यावरच्या दोन दुकानांचं समजा. त्यांच्यात तार नाही, मधली वाटही तुम्हाला दिसत नाही. पण वर्षभर पाहिल्यावर लक्षात आलं की ही दोन्ही एकाच वेळी गजबजतात, एकाच वेळी ओस पडतात, तर तुम्ही म्हणाल, यांच्यात काहीतरी देणंघेणं आहे. मेंदूच्या दोन भागांची अशी लय जुळली की त्याला कार्यात्मक जोडणी म्हणतात. स्वस्थ पडलेल्या मेंदूतली ही लय १९९५ मध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकानं अमेरिकेत शिकत असताना दाखवून दिली. त्याआधी ती यंत्राचा गोंगाट समजून गाळून टाकत.

वास गेलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या अशा नकाशांत गंधाचा कॉर्टेक्स, अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा पुढचा भाग, यांची आपसातली लय ढिली पडलेली वेगवेगळ्या अभ्यासांत दिसते. दुकानं उघडी आहेत, पण बाजार एकत्र भरत नाही. ज्यांचा वास अगदीच गेलाय अशांना पुढं विसरभोळेपणाचा, डिमेन्शियाचा धोका जास्त असतो, असंही जपानमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. मी हे घरी कोणाला सांगितलं नाही. ही सगळी गटाची सरासरी असते, एका माणसाचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं, असं स्वतःला बजावलं. अण्णांची उधारीची यादी आजही तोंडपाठ आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

वास तपासायची एक प्रसिद्ध अमेरिकी चाचणी आहे. चाळीस वासांची, कागद खरवडून हुंगायची, चार पर्यायांतून उत्तर निवडायचं. तिची यादी पाहिली आणि हसू आलं: चेडर चीज, जिंजरब्रेड, रूट बिअर, शेपू घातलेली काकडीची लोणची. रविवार कारंज्यावरचा सर्वोत्तम नाकाचा माणूससुद्धा ऐन उमेदीत यात नापास झाला असता. म्हणून मी घरीच एक चाचणी केली. शास्त्रीय वगैरे काही नाही, नुसता हट्ट. बारा डब्या. हिंग, वाळा, वेखंड, लवंग, नागरमोथा, खमंग भाजलेला नाशिकचा चिवडा, मिसळीचा काळा मसाला, द्राक्षं ठेवून आंबूस झालेला फडक्याचा तुकडा, आणि अशाच काही. अण्णांचे डोळे बांधले.

पहिली डबी त्यांनी नाकाशी नेलीच नाही. कानाशी नेऊन हलवली. "वेखंड." बरोबर. दुसरी हलवली. "लवंग. जुनी आहे, तेल गेलंय." बरोबर. मी रागावून म्हणाले, "अण्णा, वासानं!" तेव्हा कुठं डबी नाकाखाली गेली. चूर्णांच्या डब्यांवर ते गप्प राहिले. हिंगाला "सुंठ" म्हणाले. चिवड्याला काहीच म्हणाले नाहीत. बाराव्या डबीला मात्र चेहरा उजळला. "हा कापूर! गार लागतो की."

गार लागतो.

वास आणि झोंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापराचा गारवा, कांद्याची झोंब, अमोनियाचा झटका हे निरोप गंधाच्या नसेवरून जात नाहीत. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल नसेवरून जातात, आणि ती नस पार्किन्सन्समध्ये त्या मानानं शाबूत राहते. २०११ च्या त्या रात्री चादरीवर बसलेल्या अण्णांना चंदन कळत नव्हतं, वाळा कळत नव्हता, नागरमोथा कळत नव्हता. उटणं फिकं वाटत होतं. ज्याचं काहीतरी पोचत होतं, ते ते घालत राहिले. मूठभर, अजून मूठभर. हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही. पण त्या रात्री मी डब्या उचलताना फार वेळ लावला.

अण्णांनी अर्थात कबूल काहीच केलं नाही. "सर्दी आहे." बारा महिने सर्दी.

मग २०२१ चा एप्रिल आला. घरात मला आधी कोविड झाला. ताप दोन दिवसांत उतरला, पण तिसऱ्या दिवशी सकाळी चहा तोंडात घेतला आणि ते नुसतं गरम, गोड पाणी होतं. आलं, वेलची, काही नाही. साबण हुंगला, माती हुंगली, शेवटी हिंगाच्या डबीत नाक खुपसलं. डबी रिकामी असावी तसं. घाबरून मी दाराआडून ओरडले, "अण्णा, मला हिंगाचा वास येत नाहीये!"

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आवाज आला, हल्लीचा त्यांचा बारीक, सपाट आवाज: "भिंतीसारखं वाटतं ना? हात लावावा तर भिंतसुद्धा नाही. माझं दहा वर्षं तसंच आहे."

त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं. मलाही झाल्यावर.

कोविडमध्ये बहुतांशी गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवतात. माझा वास तीन आठवड्यांनी परतायला लागला. त्या काळात जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गंधसरावाबद्दल वाचलं: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, हे चार वास रोज दोनदा, मन लावून, तीन महिने. पार्किन्सन्सच्या रुग्णांवरही हा सराव करून पाहिला गेला आहे आणि थोडा फायदा दिसला आहे. चारही वस्तू दुकानातच होत्या. बरी झाल्यावर मी नि अण्णा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून चार बाटल्या एकमेकांना देत राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, बापलेक काय चोरून पितायत. माझं लिंबू जूनमध्ये आलं, लवंग जुलैत. अण्णांचं काही आलं नाही. निलगिरीला मात्र दर वेळी म्हणत, "हा आला." तो गारवा असणार. मी दुरुस्त केलं नाही.

एकदा त्यांना जॉय मिल्नची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमधली ही निवृत्त नर्स. नवऱ्याच्या अंगाला वेगळा, कस्तुरीसारखा उग्र वास येऊ लागल्याचं तिला त्याच्या निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवलं होतं. एडिंबरामधल्या संशोधकांनी तिला बारा टी-शर्ट हुंगायला दिले, सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. तिनं निरोग्यांतल्या एकाला रुग्ण ठरवलं. ती चूक धरली गेली. आठ महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्सचं निदान झालं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई आपल्या दुकानात पाहिजे होती. हिंगावर बसवली असती."

घरात आता गॅसगळतीचा अलार्म आहे. फ्रिजमधल्या डब्यांवर आई तारखा लिहिते. अण्णा रोज दोनदा अंघोळ करतात, कारण आपल्या अंगाला वास येतोय का, हे त्यांना कळत नाही; हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, मी नुसतं पाहिलंय. रंगपंचमीला जवळची रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, उघडते, उकळलेल्या फुलांच्या रंगाचा वास सबंध बोळात भरतो, तेव्हा ते खिडकीत येऊन बसतात आणि लोकांचे चेहरे बघतात. जेवण कमी झालंय. भेटायला येणारे विचारतात हात कसा आहे. वासाचं ऐकून म्हणतात, "हात्तिच्या, त्यानं काय बिघडतं?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता त्यांना चहा देते.

निदानानंतर काही वर्षं उटणं माझा धाकटा भाऊ तराजूनं करत होता. कोणी तक्रार केली नाही. कोणी कौतुकही केलं नाही. गेल्या दसऱ्यानंतर अण्णा एका रात्री आपणहून म्हणाले, "चादर काढ." हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. कालवायला मी बसले. ते समोर, पाठ भिंतीला टेकवून.

"घे चिमूट. काय येतंय?"

मी हुंगलं. "छान येतंय."

"छान म्हणजे काय? छान असा वास नसतो."

मी परत हुंगलं. खूप वेळ. शब्द शोधायला लागले आणि लक्षात आलं, आपल्याकडे ते आहेत की: कुबट, खरपूस, उग्र, ओशट, आंबूस, हिरवट. फक्त मी कधी वापरले नव्हते, वापरणारं नाक घरात दुसरं होतं. "वरवर गोडसर," मी म्हणाले. "मागून थोडं तुरट. आणि कोंदट, म्हणजे पेटी उघडल्यासारखं."

अण्णांनी डोळे मिटले. चिमटीची बोटं मांडीवर एकमेकांवर फिरत होती. थरथर होती की पारख, सांगता येणार नाही.

"कचोरा जास्त झालाय. वाळा घाल. दोन मुठी. कालव. आता?"

"कोंदट गेलं. गार वाटतंय. पण लगेच उडून जातंय, टिकत नाही."

"नागरमोथा. मूठभर."

मी घातला, कालवला, उठून बोळाच्या तोंडाशी गेले. दोन मिनिटं उभी राहिले. परत येऊन बसले.

"आता?"

"मातकट," मी म्हणाले. "पण सुकी माती नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासानं जशी येते तशी."

"कापूर घातलास?"

"नाही अजून."

"मग राहू दे," अण्णा म्हणाले. "पुड्या बांधायला घ्या."